गाईमार्फत

जनावरं सांभाळणं हे काही फार मोठं शास्त्र नाही, असं मी बाबांना ठणकावून सांगितलं, तो रविवार होता. थंडी मी म्हणत होती. हौदातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि बाबा तो फावड्याच्या दांड्याने फोडत होते, एका पायावर भार न देता, बगळ्यासारखे. त्या पायाच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं आणि बाबा ते टाळत होते. मागे जनावरांचं कोण बघणार, ही त्यांची सबब होती. मी बघणार, हे माझं म्हणणं होतं.

मी ग्रंथपाल आहे. बावीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसले आहे. पशुपालनावरची चार पुस्तकं मी त्याच आठवड्यात वाचून काढली होती, एकाची तर टिपणंही काढली होती. आणि इथे होतं तरी काय? एक गाय, पाच शेळ्या, अकरा कोंबड्या. आमच्या ग्रंथालयाचे साडेतीन हजार सभासद आहेत आणि त्यांतले निम्मे पुस्तक वेळेवर आणून देत नाहीत. साडेतीन हजार माणसं हाकणाऱ्या बाईला सतरा जनावरं म्हणजे दर्यामे खसखस!

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी गाईकडे पाहिलं.

"ऐकलंस का बाईसाहेब," ते तिला म्हणाले, "चार पुस्तकं वाचून आलीय. तू एक तरी वाचलंयस का?"

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि दादा एकवीसचा. घरात बोलणारी एकटी आईच होती. ती गेल्यावर आम्ही तिघं समोरासमोर बसलो की स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तीन अनोळखी माणसं गाडीची वाट बघत बसल्यासारखं दिसायचं. मग बाबांनीच तोड काढली. मला काही सांगायचं असलं की ते गोठ्यात जायचे, मला ऐकू जाईल अशा बेताने उभे राहायचे आणि गाईला सांगायचे. 'लेकी बोले सुने लागे' म्हणतात ना, तसं आमच्याकडे गाई बोले लेकी लागे. मी परीक्षेत पहिली आले तेव्हा शाबासकी गाईला मिळाली. मी लग्न करणार नाही असं ठरवलं तेव्हा बाबा पाऊण तास गाईची समजूत घालत होते, आणि शेवटी त्यांनीच तिला सांगितलं की पोरगी म्हणते तेही खरंच आहे. मीही तशीच. "बाईसाहेब, त्यांना म्हणावं मफलर गुंडाळा," एवढं मी गाईकडे बघून म्हटलं की दोन हातांवर उभे असलेले बाबा मुकाट्याने मफलर गुंडाळायचे. या तीस वर्षांत गाई चार झाल्या. नाव सगळ्यांचं बाईसाहेबच. पद कायम होतं, त्यावरची व्यक्ती बदलायची.

तर त्या रविवारी बाबांनी माझी परीक्षा घेतली. अर्थात गाईमार्फत. शेळ्यांना चारा घालायचा होता. पुस्तकात दर शेळीमागे वजन दिलेलं होतं, म्हणून मी स्वयंपाकघरातला काटा आणून प्रत्येकीचा वाटा मोजायला घेतला. पाचवीचा मोजून होईपर्यंत पहिलीने चौथीचा संपवला होता. मग कोंबड्यांच्या खुराड्याला वारा लागू नये म्हणून चहूबाजूंनी गोणपाट ठोकायचं होतं. ते मी फार छान ठोकलं. कुठे फट म्हणून ठेवली नाही. ठोकून झाल्यावर अकराच्या अकरा कोंबड्या माझ्या पायाशी येऊन उभ्या राहिल्या, कारण मी दारही ठोकून टाकलं होतं आणि त्या बाहेर होत्या.

बाबांनी पक्कड आणली. एकेक खिळा उपटून, दगडावर ठेवून, सरळ करून खिशात टाकत ते गाईला म्हणाले, "पुस्तकात दार लिहायचं राहिलं असेल."

दर रविवारसारखीच चारच्या बसने मी शहरात परत निघाले. बाबा फाटकापर्यंत आले. गाय तिथे नसल्यामुळे आम्हाला एकमेकांशी काही बोलता आलं नाही. त्यांनी हात वर केला. मीही केला.

सोमवारी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते. गाय हंबरायची थांबेना, म्हणून काय झालं ते बघायला काकू आल्या होत्या. म्हणजे ही बातमीसुद्धा मला गाईमार्फतच कळली.

पुढचे आठ दिवस मी सांगत नाही. दादा आला, माणसं आली, जे करायचं ते आम्ही केलं. मग माणसं गेली, दादाची रजा संपली, आणि एका संध्याकाळी दादा, काकू आणि मी स्वयंपाकघरात बसून जनावरांचं काय करायचं ते ठरवू लागलो. काकूंचा गोठा कुंपणापलीकडे, बारा गाईंचा. आमच्या गाईचं वासरू मोठं झाल्यावर तिकडेच गेलं होतं. हे आठ दिवस आमच्या गाईची धारही काकूच काढून जात होत्या. त्या म्हणाल्या, गाय मी नेते, सुखात राहील, शेळ्या-कोंबड्याही नेते, तू निवांत शहरात जा. दादाने मान डोलावली. सगळं इतकं सरळ होतं की माझ्या तोंडून काय निघालं ते मलाच कळायला वेळ लागला. मी म्हणाले होते, गाय कुठेही जाणार नाही, मी वर्षभराची बिनपगारी रजा घेते आणि धार मी काढते.

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू सर्कशीत भरती व्हायचं म्हणाले होते. मी आजवर गाईच्या मागच्या बाजूला कधी उभीही राहिले नव्हते. बोलायचं असलं तर पुढून, तेही गव्हाणीच्या पलीकडून.

काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आमची पत्र्याची बादली आणली आणि तिच्या काठाखाली चार बोटांवर पडलेला पोचा मला दाखवला. रोज सकाळी दूध इथपर्यंत येतं, म्हणाल्या. गाय म्हणजे पुस्तक नव्हे, आठवडाभर उघडलं नाही तरी चाललं असं होत नाही. कास भरून राहिली की ती दुखते, सुजते, जनावराला ताप भरतो. रविवारपर्यंत सकाळची धार तू काढ, उरलेलं संध्याकाळी मी येऊन मोकळं करीन. रविवारी सकाळी या पोच्यापर्यंत बादली भरली तर गाय तुझी. नाही भरली तर मी दावं घेऊनच येणार आहे, तेव्हा रडायचं नाही.

मी म्हटलं, कबूल. हातात चार दिवस होते आणि चार पुस्तकं होती.

गुरुवारी मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. कोमट पाण्याने कास धुतली, कोरड्या फडक्याने पुसली, हात चोळून गरम केले. 'दोहनाच्या वेळी गोठ्यात पूर्ण शांतता असावी' असं पुस्तकात लिहिलं होतं, आणि शांततेत माझा हात धरणारं जगात कोणी नाही. मी श्वाससुद्धा हळू घेत होते. गाय मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. एखादा पाहुणा घरी यावा, बसावा, आणि का आलो ते सांगूच नये, तेव्हा घरातली बाई जशी बघते तशी. पाऊण तासाने बादलीत जे दूध जमलं होतं ते मी मांजराला देणार होते, पण मांजरानेही वास घेऊन माझ्याकडे पाहिलं, एवढंच का म्हणून.

संध्याकाळी काकू आल्या आणि बसल्या बसल्या तिला शिव्या घालायला लागल्या. आळशे, नखरेल, कुणाची वाट बघतेस, पाय हलव, तुझ्या आईनेसुद्धा मला असंच छळलं होतं. आणि बादली नळाखाली धरल्यासारखी भरली. मी काकूंच्या बोटांकडे बारकाईने पाहिलं आणि वहीत बोटांचं चित्र काढून घेतलं. कानांनी मी काहीच टिपलं नाही. माणसं उगाच नाही म्हणत, शिकलेली माणसं फार हुशार असतात.

शुक्रवारी मला वाटलं, प्रश्न वासाचा आहे. जनावर माणसाला वासाने ओळखतं. म्हणून मी बाबांचा कोट घातला, त्यांची कानटोपी घातली, त्यांचे गमबूट घातले. कोट माझ्या घोट्यापर्यंत येत होता आणि गमबुटात माझ्या पायांबरोबर आणखी एखाद्याचे पाय सहज मावले असते. बाहेर धुकं होतं. मी परसदारातून गोठ्याकडे निघाले तेव्हा काकू कुंपणापाशी चारा झाडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि सवयीने हाक मारली, "भाऊ, गुडघा काय म्हणतो आज?"

मग त्यांचं त्यांनाच कळलं. हातातला चारा तसाच राहिला. कोट अंगात होता, प्रश्न कोटाला होता.

"बरा आहे," मी म्हणाले.

काकूंनी पदराने नाक पुसलं आणि त्या चारा झाडायला लागल्या. मीही पुढे निघाले. तिथवर सगळं ठीक होतं.

मला जे ठाऊक नव्हतं ते असं, की बाबा कोटाच्या खिशात शेळ्यांसाठी वाळलेल्या पावाचे तुकडे ठेवायचे. शेळ्यांना ते ठाऊक होतं. त्यांच्यातल्या थोरलीला बाबा मुकादम म्हणत. मुकादमने नाकाने कडी उचलली. ती ही विद्या कित्येक वर्षांपासून जाणत असावी आणि योग्य कारणाची वाट बघत असावी. पाचही जणी माझ्या अंगावर आल्या. मी पळाले. डावा गमबूट चिखलात राहिला, उजवा हौदापाशी. मी पायमोज्यांनिशी लाकडाच्या ढिगावर चढले आणि ढीग माझ्यासकट खाली आला. काखेतलं पुस्तक उघडं पडलं, ते मुकादमने धरलं आणि 'दोहन' हे प्रकरण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खाल्लं. प्रस्तावनेला तोंड लावलं नाही. वाचक म्हणून तिची जाण माझ्यापेक्षा बरी होती. आवाजाने घाबरून कोंबड्या स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून आत गेल्या. त्यांतली एक नंतर दादाच्या पलंगावर सापडली, अंड्यासकट.

काकूंनी कुंपणापलीकडून जिभेने एकदा टक् केलं आणि पाचही शेळ्या खाली मान घालून आपापल्या जागी गेल्या, शाळेचा तास झाल्यासारख्या.

मी तशीच, कोटाला चिखल, केसांत भुसा, गोठ्यात गेले. बाईसाहेबांनी कोटाची बाही हुंगली. मनगटापासून कोपरापर्यंत एकदा चाटली. खांद्यावर नाक टेकलं. मग कॉलरच्या आत डोकावून पाहिलं. आत मी होते. तिने तोंड फिरवलं.

त्या दिवशी बादलीत काहीच आलं नाही. मी कोट झटकून खुंटीला लावला आणि पुन्हा घातला नाही.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गाय पुढून-मागून तपासली आणि निदान सांगितलं. गाय ठणठणीत आहे, पान्हा चोरते आहे. तुमच्याबद्दल मला सांगता येणार नाही, माझा अभ्यास चार पायांचा. मग हात धुता धुता त्यांनी विचारलं, धार काढताना तुम्ही तिच्याशी काय बोलता? मी म्हटलं, काही नाही, पुस्तकात शांतता लिहिली आहे. डॉक्टरांनी पुस्तकाच्या उरलेल्या भागाकडे पाहिलं. तुमचे वडील इथे बसून तिला सगळ्या जगाची खबर सांगायचे, म्हणाले. मी इंजेक्शन घेऊन उभा असलो तरी त्यांचं वाक्य संपेपर्यंत मला थांबावं लागायचं. तिला आवाजाची सवय आहे. बोला काहीतरी.

बोला! सोपं आहे सांगायला. ज्या बाईने तीस वर्षांत एका वेळी एकच वाक्य उच्चारलं, तेही मफलरबद्दल, तिने काय बोलावं? त्यापेक्षा डॉक्टरांनी मला हौदात पोहायला सांगितलं असतं तर मी पोहले असते.

शनिवारी सकाळी मी आधी वाचून पाहिलं. पुस्तकाची सूची शेळीच्या तावडीतून वाचली होती, ती मी खणखणीत आवाजात वाचली. 'अजीर्ण, अतिसार, अपचन' इथपर्यंत आल्यावर गाय खाली बसली. मग रेडिओ आणून गव्हाणीत ठेवला. बातम्या सांगणाऱ्या गृहस्थांचा आवाज भारदस्त होता, आणि खरंच दोन-चार धारा आल्या. माझा आनंद गगनात मावेना. तेवढ्यात साबणाची जाहिरात लागली. बाईसाहेबांनी एका लाथेत रेडिओचं स्टेशन कायमचं बदललं.

तेव्हा मला दादा आठवला. दादाचा आवाज थेट बाबांचा आहे. मी त्याला फोन लावला आणि म्हटलं, गाईशी बोल.

दादा एका मोठ्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर आहे. शनिवारी सकाळी त्याची बैठक असते. तो म्हणाला, मी बैठकीत आहे. मी म्हटलं, गायसुद्धा. तो उठून जिन्यात गेला असावा, कारण त्याचा आवाज घुमायला लागला. मी फोनचा आवाज मोठा करून तो गव्हाणीच्या कडेवर उभा केला आणि खाली बसले. दादा म्हणाला, "हॅलो." गाईचे दोन्ही कान एकदम पुढे झाले. काय बोलू, तो मला विचारू लागला. मी म्हटलं, काहीही, फक्त थांबू नकोस. मग दादाने घसा खाकरला आणि सर्वप्रथम गाईने आजवर केलेल्या सहकार्याबद्दल तिचे आभार मानले. मागील वर्षाचा आढावा घेतला. हवामान प्रतिकूल असतानाही तिने उत्पादनात सातत्य राखल्याचा त्याने उल्लेख केला. आणि दूध येत होतं! पत्र्यावर आधी टण टण, मग घट्ट, भरीव आवाज. माझे हात दुखायला लागले होते आणि मी हसत होते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मग दादाचे मुद्दे संपले. पुन्हा बोलला तेव्हा तो कचेरीतल्यासारखा बोलत नव्हता.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "तिला एक सांग. मी तिला कधी सांगितलं नाही. बाबा तुला दोन वर्षांपूर्वीच काकूंना देणार होते. गुडघा वाकतच नव्हता त्यांचा, धार काढून उठताना भिंत धरायचे. मीच म्हटलं, देऊन टाका. सगळं ठरलं होतं. मग आदल्या दिवशी मला म्हणाले, नको. गाय गेली तर पोरगी कशाला येईल? दर रविवारी येते ती हिच्यासाठीच येते. फार जीव आहे तिचा हिच्यावर."

माझे हात थांबले.

गाईने मान लांब केली. ज्या आवाजाला ती इतके दिवस शोधत होती तो त्या एवढ्याशा काळ्या पाटीत होता. तिने ती पाटी एकदा पुरी चाटली. फोन कलला, गव्हाणीच्या कडेवरून माझ्या मांडीवर आणि मांडीवरून बादलीत गेला. अर्धी बादली दूध, आणि तळाशी दादा.

फोन मी कोरड्या धान्याच्या डब्यात पुरून ठेवला, तो काही उठला नाही. दूध शेळ्यांनी प्यायलं. दादाला उत्तर द्यायला फोन नव्हता, हे खरं. असता तरी दिलं असतं असं नाही.

संध्याकाळी काकू धार काढायला आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, बाबांनी तुम्हाला गाय देऊ केली होती का? हो, म्हणाल्या, मी जागासुद्धा करून ठेवली होती. मग नाही म्हणायला आले तर एवढंसं तोंड करून. मी विचारलंही नाही का ते.

रविवारी उजाडताच काकू दावं घेऊन दारात उभ्या राहिल्या. दावं त्यांनी पाठीमागे धरलं होतं, मला दिसू नये म्हणून. मी पुस्तक आणलं नव्हतं, कोट घातला नव्हता, रेडिओ आणि फोन दोन्ही वारले होते. बादली मांडीत धरून मी बसले, कपाळ गाईच्या कुशीला टेकलं, कारण तिचा पाय दिसला नाही की भीती जरा कमी वाटते, आणि म्हणाले, आज हौदातला बर्फ दोन बोटं जाड आहे.

गाईचा एक कान मागे वळला. एक धार आली.

मग मी सुरू झाले. बर्फ फोडताना फावड्याचा दांडा मोडला, म्हणाले. तो आधीपासून किडला होता. मुकादमला परवापासून ढेकर येतायत, दोहन पचायला जड आहे. दादाचं वजन वाढलंय आणि वहिनी घरातली साखर लपवून ठेवते, आणि दादाला जागा ठाऊक आहे. टण टण. मी थांबले की दूध थांबायचं, अगदी तोटी पिरगाळल्यासारखं. म्हणून मी थांबेना. ग्रंथालयातल्या त्या निवृत्त मास्तरांचं सांगितलं, जे शब्दकोडं सोडवून झालं की पान फाडून नेतात, दुसऱ्याला उत्तर मिळू नये म्हणून. आमच्या मोठ्या साहेबांनी एकही पुस्तक वाचलेलं नाही, हेही सांगितलं. नऊ वर्षांची असताना आईची काचेची बरणी मी फोडली होती आणि नाव मांजरावर घातलं होतं. इतक्या वर्षांत हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बादली अर्धी झाली. हात लाकडाचे झाले होते. मी तीन खंडांची एक कादंबरी सांगायला घेतली, एका बाईची, जी धाकट्या बहिणीला घेऊन घर सोडते. पहिला खंड संपला, दुसरा संपला. दारातून काकू म्हणाल्या, "मग? ती बहीण परत आली का?"

तिसरा खंड मी वाचलेला नव्हता. एक सभासद तो चार वर्षांपूर्वी घेऊन गेलाय.

दूध थांबलं. मी बादलीत पाहिलं. पोच्याला चार बोटं कमी होती.

मी शोध शोध शोधलं. हवामान झालं होतं, माणसं झाली होती, पुस्तकं झाली होती, चोऱ्यासुद्धा कबूल करून झाल्या होत्या. एकच गोष्ट सांगायची राहिली होती. गाय वाट बघत होती. काकूंचीही चुळबुळ थांबली होती.

"बाईसाहेब, त्यांना सांग," मी सवयीने सुरुवात केली, आणि तिथेच अडले. ती कुणाला सांगणार होती?

काकूंनी पाठ वळवली आणि त्या बाहेर बघत उभ्या राहिल्या.

"बाबा," मी म्हणाले. माझा आवाज गोठ्यात फार मोठा वाटला. "बाबा, मला गाय आवडत नाही. ही नाही, आधीच्या तिघीही नाहीत. मला भीती वाटते त्यांची."

बादलीत धार वाजली. मग दुसरी.

"मी तुम्हाला बघायला येत होते. दर रविवारी. तुम्हाला."